जुन्या गाडीला ॲसिडची साधी बॅटरी: चौदा महिन्यांनंतर

माझी गाडी १९९२ ची. २५० सीसी, किकही आहे आणि सेल्फही. आधी दादा चालवायचा, त्याने दुसरी घेतली तेव्हा ही माझ्याकडे आली. चौदा महिन्यांपूर्वी मी हिच्यात १२ व्होल्ट, ९ अँपिअर-अवरची बॅटरी बसवली. नंबर १२एन९-४बी-१. कोरडी येते, ॲसिडचा डबा वेगळा मिळतो, आणि भरून तयार आपल्याला करावी लागते. ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी सीलबंद मेंटेनन्स-फ्री घ्यायला सांगितलं होतं. मी साधी घेतली आणि आज परत घ्यायची झाली तरी हीच घेईन. त्यामागचं कारण बॅटरीइतकंच गाडीच्या वयाशी बांधलेलं आहे, म्हणून थोडं मागून सांगते.

आधीची बॅटरीही याच जातीची होती. ती अकरा महिन्यांत गेली. ती मी स्वतः बसवली नव्हती; गाडी सकाळी दिली, दुपारी परत आणली. ॲसिड ओतून लगेच गाडीत घातलेली, चार्जिंग केलेलंच नव्हतं. तेव्हा मला हे काही कळत नव्हतं. गाडी सेल्फवर सुरू झाली, मी खूश होऊन घरी आले. पुढे सेल्फ ओढ खायला लागला, मग इंडिकेटर लावला की हॉर्नचा आवाज बसायचा, आणि शेवटी नुसती किक उरली. बॅटरी बाहेर काढली तर खोक्याच्या दोन्ही बाजू फुगलेल्या, आणि बाजूच्या नळीच्या तोंडावर ते इवलंसं लाल टोपण तसंच घट्ट बसलेलं. वायू बाहेर जाण्याची जी वाट, तीच बंद! झाकणांच्या कडेने ॲसिड झिरपून खालच्या ट्रेचा रंग पार उडाला होता, पत्रा गंजला होता. त्या ट्रेवरून हात फिरवताना मला खरंच वाईट वाटलं. दादाने ती गाडी किती जपली होती ते मला माहीत आहे.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, आता सीलबंद घे आणि मोकळी हो. पाणी नको, नळी नको, काही नको."

"दादा, पण अकरा महिन्यांत गेली कशी ते कळल्याशिवाय दुसरी घालू का?"

"टोपण राहिलं ना त्यांच्याकडून. आणखी काय असणार?"

मला ते पटेना, कारण बॅटरीच्या सहाही कप्प्यांतलं पाणी खोक्यावरच्या वरच्या रेघेपासून खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं होतं, आणि सहाही कप्प्यांत सारखंच. एका कप्प्यात कमी असतं तर खोक्याला तडा किंवा त्या कप्प्यात बिघाड म्हटलं असतं. सगळीकडे सारखं आटलंय म्हणजे बॅटरीत गरजेपेक्षा जास्त करंट जातोय, पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जातंय.

एका मैत्रिणीची चांगली बॅटरी उसनी लावून, इंजिन चालू करून थोडी रेस दिली आणि टर्मिनलवर मल्टिमीटर धरला. १५.१ व्होल्ट. १२ व्होल्टच्या गाडीत हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या मध्ये हवा. रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग, गेला असं समजून मी नवा शोधायलाही लागले होते. पण माझ्या गाडीत रेग्युलेटर बॅटरीचा व्होल्टेज थेट बॅटरीवर बघत नाही, चावीच्या स्विचमधून येणाऱ्या एका वायरवर बघतो. त्या वायरचा हेडलाइटमागचा कनेक्टर उघडला तर आत हिरवा गंज. त्या गंजात सुमारे पाऊण व्होल्ट अडकत होता. म्हणजे बॅटरी भरलेली असली तरी रेग्युलेटरला ती कमी भरलेलीच दिसायची आणि तो आणखी सोडत राहायचा. कनेक्टरच्या पिना बारीक पॉलिश पेपरने घासल्या, पक्कडीने जरा आवळल्या, परत लावलं. १४.३ व्होल्ट! रेग्युलेटर तीस वर्षांपूर्वीचाच आहे आणि आजही उत्तम चाललाय.

तिथेच माझं ठरलं. जुनी गाडी बॅटरीशी कशी वागतेय हे मला दिसायला हवं. साधी बॅटरी ते दाखवते. पाणी भराभर उतरलं तर चार्जिंग जास्त आहे. पाणी महिनोन्महिने हलतच नाही आणि हायड्रोमीटरचा (ॲसिडची घनता मोजायच्या नळीचा) आकडा मात्र खाली येतोय, तर चार्जिंग कमी पडतंय. एकच कप्पा मागे पडला तर तो कप्पा चालला. सीलबंद बॅटरीला १५ व्होल्ट मिळाले असते तर तीही आतून वाळून गेली असती, आणि तिच्यात पाणी घालता येत नाही. वरून काहीही न दिसता एक दिवस ती बंद पडली असती आणि मी तिसरी आणून त्याच गंजलेल्या कनेक्टरला जोडली असती.

लिथियमचाही विचार केला, कारण वजनात फार फरक पडतो. पण त्या बॅटरीला तर नेमका आणि स्थिर व्होल्टेज लागतो, साडेचौदाच्या फार वर गेलेला तिला सोसत नाही, आणि पूर्ण उतरली तर बहुधा परत उभी राहत नाही. तीस वर्षांच्या वायरिंगवर मी ती ठेवणार नाही.

आता निवडीतला एक खाचखळगा, जिथे मी स्वतः फसता फसता वाचले. ९ नंबर दिसला की चालेल असं वाटतं. तसं नाही. १२एन९-४बी-१ चं खोकं साधारण १३५ मिमी लांब, ७५ रुंद आणि १३९ उंच. सीलबंदमधली फार चालणारी वायटीएक्स९-बीएस ही १५० लांब, ८७ रुंद आणि १०५ उंच. नावात ९ दोन्हीकडे आहे, पण दुसरी माझ्या ट्रेमध्ये बसूच शकत नाही, आणि ओढूनताणून बसवली तर रबरी पट्टा लागत नाही, मग ती उडत राहते. हादऱ्यांनी प्लेटवरचा लेप सुटून तळाला साचतो. त्या साच्याने प्लेटा खालून जोडल्या गेल्या की तो कप्पा संपला. वायबी९-बी चालते, खोकं तेच आणि प्लसही त्याच बाजूला. पण वायबी९एल-बी घेतली तर खोकं तंतोतंत बसतं आणि प्लस विरुद्ध बाजूला येतं! एका 'एल'चा फरक. वायर ताणून उलटसुलट लावायच्या नादात चुकून प्लस-मायनस उलटे जोडले गेले तर फ्यूज जातो, आणि नशीब वाईट असेल तर रेक्टिफायरही (इंजिनवर तयार होणारा एसी करंट बॅटरीसाठी डीसी करणारा भाग). म्हणून जुनी बॅटरी हातात असतानाच तिच्यावरचा नंबर, प्लसची बाजू आणि नळीचं तोंड कुठे आहे ते लिहून घ्या. कंपनी कुठली हे मी त्यानंतर बघते.

घेताना दोन गोष्टी पाहिल्या. एक, पॅकिंगवरची तारीख. कोरडी बॅटरी सील शाबूत असेपर्यंत टिकते, पण सील ढिलं असेल तर हवेतल्या ओलाव्याने प्लेटा खराब होतात. दोन, ते लाल टोपण आणि सहाही झाकणं घट्ट आहेत ना. एका बॅटरीचं एक झाकण हाताने सहज फिरलं, ती मी परत ठेवली.

घरी आणल्यावरचा दिवस मी पूर्ण मोकळा ठेवला होता. उघड्या जागी टेबल, खाली जुनी वर्तमानपत्रं, हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, शेजारी पाण्याची बादली आणि खायचा सोडा. ॲसिड सांडलं तर सोडा टाकायचा, फेस थांबेपर्यंत. कपडे जुने घालावेत. सुती कापडावर उडालेला थेंब त्या वेळी दिसतही नाही, धुतल्यावर तिथे भोक पडलेलं दिसतं.

आधी लाल टोपण काढलं. ते काढून खिशात ठेवलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत विसरायला नको की ते निघालंय. मग झाकणं उघडून कप्प्याकप्प्यात ॲसिड ओतायला लागले. बॅटरीचं खोकं पांढरट, आरपार दिसणारं असतं आणि त्यावर वरची-खालची अशा दोन रेघा असतात. वरच्या रेघेपर्यंत भरलं. सहा कप्प्यांत मिळून जेमतेम अर्धा लिटरच्या वर लागलं. मग मी नुसती बसून बघत होते. प्लेटा आणि मधले पडदे ॲसिड पिऊ लागतात. बारीक बुडबुडे सुटतात, सुर्र असा अगदी हलका आवाज येतो, आणि बघता बघता पातळी रेघेखाली घसरते. खोक्याला हात लावला तर कोमट लागत होतं. बॅटरी जिवंत होताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

हा वेळ तिला द्यायलाच हवा. मी एक तास दिला. खोकं हलकेच थोपटलं की अडकलेले बुडबुडे वर येतात. तासाभराने पातळी परत रेघेपर्यंत आणली, आणि ही शेवटची वेळ, यानंतर बॅटरीच्या आयुष्यात पुन्हा ॲसिड घालायचं नाही. पुढे उडतं ते पाणी असतं, ॲसिड आतच राहतं, म्हणून नंतर फक्त डिस्टिल्ड वॉटर.

या टप्प्याला मल्टिमीटरने १२.५ व्होल्ट दाखवले. गाडी याच्यावर सुरू झाली असती, आणि आधीच्या वेळी तेच झालं होतं. नुसतं ॲसिड भरलेली बॅटरी पूर्ण भरलेली नसते. तशीच गाडीत घातली तर उरलेलं भरण्याचं काम गाडीवर पडतं, आणि रोजच्या दहा मिनिटांच्या फेऱ्यांत ते कधीच पुरं होत नाही. प्लेटांवर शिशाचं सल्फेट राहून जातं, ते हळूहळू कडक होतं, आणि तेवढा भाग कायमचा कामातून जातो. गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाच्या दोन पत्र्यांची गुंडाळी ॲसिडमध्ये ठेवून पहिली अशी बॅटरी केली, तेव्हा तिला अनेकदा चार्ज-डिस्चार्ज करूनच तिची ताकद वाढवावी लागायची. आपल्याला तेवढं नाही, एका दिवसात होतं. पण तो एक दिवस टाळायचा नाही.

चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका. ९ अँपिअर-अवर म्हणजे ०.९ अँपिअर. चारचाकीचे मोठे चार्जर इथे वापरू नयेत, ते एवढ्याशा बॅटरीला उकळवतात. माझा छोटा चार्जर १ अँपिअरचा आहे, तो चालला. झाकणं नुसती वर ठेवलेली, खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नाही, कारण सुटणारा हायड्रोजन पेट घेतो. क्लिपा आधी लावायच्या आणि चार्जरचं बटण नंतर दाबायचं. काढताना आधी बटण बंद.

पाच तासांनी हायड्रोमीटर घातला. ॲसिड १.२८० चं भरलं होतं (फार उष्ण हवेत थोडं पातळ भरायला सांगतात, डब्यावर लिहिलेलं असतं ते पाळावं). पाच कप्पे १.२७० ते १.२७५ ला आलेले, चौथा कप्पा १.२५० वर. छातीत धस्स झालं. पण पाच कप्प्यांत सोड्याच्या पाण्यासारखे बारीक बुडबुडे उसळत होते आणि चौथ्यात तुरळकच, म्हणजे त्याचं भरणं अजून चालू होतं. आणखी तीन तास ठेवलं. खोकं गरम होतंय का ते मधूनमधून हात लावून बघितलं, कोमटच्या पुढे गेलं नाही. तीन तासांनी चौथा १.२७० ला आला. जो कप्पा तेव्हा चारचौघांत आला नसता त्याने पुढे सगळ्या बॅटरीला मागे ओढलं असतं, आणि हे मला फक्त अशा उघडता येणाऱ्या बॅटरीतच दिसू शकलं.

रात्रभर तशीच ठेवली. चार्जरवरून काढल्या काढल्या दिसणारा आकडा खरा नसतो. सकाळी १२.७५ व्होल्ट. मग झाकणं घट्ट केली, वरून ओल्या कापडाने पुसली आणि गाडीत बसवली.

बसवण्याच्या कामात नट पडण्याचा त्रास सगळ्यांनाच होतो. टर्मिनलच्या खाचेत चौकोनी नट नुसता ठेवलेला असतो आणि बोल्ट टेकवला की तो खाली घसरतो. रबराचा किंवा फोमचा छोटा तुकडा कापून नटाखाली सरकवा, नट वर उचलला जातो आणि बोल्टचा आटा पहिल्या फेरीत धरतो. जुनी बॅटरी काढताना आधी मायनस, नवी लावताना आधी प्लस. कारण पाना प्लसवर असताना चेसिसला लागला आणि मायनस जोडलेला असला तर थेट शॉर्ट होतो. (काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस चेसिसला जोडलेलं असतं, तिथे हा क्रम उलटा.) टर्मिनल आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. ट्रे आधीच घासून रंगवून घेतला होता, त्यात रबराची चकती अंथरली.

आणि नळी. नळीचं तोंड बॅटरीच्या तोंडावर घट्ट बसवून ती कुठेही न दाबता, न मुडपता, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) खाली चेनपासून लांब सोडली. तिच्यातून हलकी फुंकर मारून वाट मोकळी आहे याची खात्री मी बसवायच्या आधीच करून घेतली होती. एकदा बॅटरीला जोडली की तोंड लावू नका.

चौदा महिन्यांचा हिशेब असा. सकाळी, गाडी चालू करण्याआधी, बॅटरी १२.६ च्या आसपास असते. सेल्फ दाबला की १०.४ पर्यंत उतरते, ९.५ च्या खाली गेली असती तर मी काळजीत पडले असते. डिस्टिल्ड वॉटर आजवर दोनदाच घातलं, दोन्ही वेळा कप्प्यामागे थोडंथोडंच. आधीच्या बॅटरीत तीन आठवड्यांत पातळी दिसण्याइतकी उतरायची, आठवतंय तसं. चौथा कप्पा अजूनही इतरांच्या किंचित मागे असतो, पण अंतर वाढलेलं नाही. सेल्फ पहिल्या दाबाला घेतो, थंडीतही.

उणी बाजूही सांगायला हवी. मध्ये मी सहा आठवडे बाहेर होते, परत आले तर १२.३ वर उतरलेली. साधी बॅटरी पडून राहिली की सीलबंदपेक्षा लवकर उतरते, उकाड्यात तर आणखी. महिन्यातून एकदा चार्जर लावणं भाग आहे. गाडी आडवी पडली तर ॲसिड बाहेर येतं; माझी एकदा स्टँडवरून कलंडली, लगेच उचलून सोडा आणि भरपूर पाण्याने धुतलं म्हणून रंग वाचला. महिन्यातून एकदा साइड पॅनल उघडून रेघा बघणं हे ज्यांच्याकडून होणार नाही, ज्यांची गाडी महिनोन्महिने उभी असते, आणि ज्यांनी चार्जिंगचा व्होल्टेज मोजून तो बरोबर असल्याची खात्री केलीय, त्यांनी त्याच मापाची सीलबंद बॅटरी खुशाल घ्यावी. याच खोक्यात ती मिळते. पण मोजल्याशिवाय घेऊ नका.

फुगलेली जुनी बॅटरी मी उभीच, खोक्यात घालून, जिथून नवी घेतली तिथे परत दिली. त्यातलं शिसं वितळवून पुन्हा वापरात येतं. कचऱ्यात टाकायची वस्तू नाही ती.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. त्याच्या गाडीचा सेल्फ ओढ खातोय. म्हणाला, "तू घेतलीस तीच सांग, आजच आणतो."

मी म्हटलं, "दादा, आधी रेस देऊन व्होल्टेज मोज. आणि तुझ्या गाडीत समोरून बघताना प्लस कुठल्या बाजूला आहे?"

तो फोन धरून खाली गेला, पॅनल उघडलं. प्लस उजवीकडे. त्याला 'एल'वाली लागणार.